फ्रान्समध्ये नवीन आलात? पात्रिम्वान, म्युझिक आणि बाकीचे फुकट दिवस कसे जमवायचे

सप्टेंबर जवळ आला की आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हमखास एक प्रश्न येतो, एलिझे पॅलेस, म्हणजे इथल्या राष्ट्राध्यक्षांचा राजवाडा, बघायचा आहे तर पहाटे किती वाजता लाईन लावायची? आणि दरवर्षी माझं उत्तर तेच असतं की नका लावू, तुम्ही राहता त्या गावाची मेरी म्हणजे आपली नगरपालिका, ती आधी बघून या. लोकांना वाटतं मी गंमत करतेय. पण इथे पहिलं वर्ष प्रीफेक्चरची (परवान्याचं सरकारी ऑफिस) अपॉइंटमेंट, काफचे (घरभाडं वगैरेची सरकारी मदत) फॉर्म आणि कार्त व्हितालची (आरोग्य विम्याचं कार्ड) वाट बघण्यात जातं, इथली माणसं भेटतात ती फक्त काउंटरच्या पलीकडे, आणि हे जे उघड्या दारांचे दिवस असतात ना त्या दिवशी तीच माणसं स्वतःहून तुम्हाला आत बोलावतात, समजावून सांगतात, प्रश्न विचारला तर खूश होतात. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतेय.

आधी कॅलेंडर डोक्यात बसवा

सगळ्यात महत्त्वाचा सप्टेंबरचा तिसरा वीकेंड, झुर्ने द्यु पात्रिम्वान, म्हणजे वारशाचे दिवस. एरवी बंद असलेल्या सरकारी इमारती, वाडे, कारखाने, थिएटरांच्या मागच्या बाजू, सगळं लोकांसाठी उघडतं आणि बहुतेक ठिकाणी फुकट. 1984 साली झाक लाँग सांस्कृतिक मंत्री असताना हे सुरू झालं, 1991 पासून युरोपभर पसरलं. याच मंत्र्याच्या काळात त्याआधी दोन वर्षं, 1982 ला, फेत द ला म्युझिक सुरू झालं होतं, ते 21 जूनला, वार कुठलाही असो. त्या संध्याकाळी ज्याला वाजवता येतं (आणि ज्याला येत नाही) तो रस्त्यावर येऊन वाजवतो.

बाकीचे पटापट सांगते. मे मधल्या एका शनिवारी रात्री म्युझियमं उशिरापर्यंत उघडी असतात, बरीचशी फुकट, ही न्युई दे म्युझे. जूनच्या पहिल्या वीकेंडला बागा उघडतात, त्यात खाजगी बागाही असतात ज्यांच्या भिंतीवरून एरवी फक्त झाडांचे शेंडे दिसतात. न्युई ब्लांश म्हणजे रात्रभर शहरात ठिकठिकाणी आर्ट, पॅरिसमध्ये 2002 पासून आहे, आधी ऑक्टोबरमध्ये असायची, 2023 पासून जूनच्या सुरुवातीला आणली, त्यामुळे जुने ब्लॉग वाचून ऑक्टोबरची तिकिटं काढू नका. जुलैत 14 तारीख, फ्रान्सचा राष्ट्रीय दिन. ऑक्टोबरमध्ये फेत द ला सियाँस, म्हणजे विज्ञान महोत्सव. डिसेंबरमध्ये लियाँची दिव्यांची जत्रा. आणि जानेवारी ते मार्च युनिव्हर्सिट्या आणि कॉलेजांचे पोर्त ऊव्हेर्त, म्हणजे ओपन डे, बारावीला मूल असेल किंवा स्वतः कोर्स बदलायचा विचार असेल तर ब्रोशरपेक्षा तिथल्या विद्यार्थ्यांना गाठून लॅबमध्ये खरंच काय चालतं ते विचारा.

मग प्रोग्रॅम शोधा, पण गुगलवर नाही

पात्रिम्वानसाठी सांस्कृतिक मंत्रालयाची वेगळी साईट असते, त्यात नकाशा असतो, तुमचा पोस्टल कोड टाकला की आसपासचं सगळं येतं. पूर्ण प्रोग्रॅम ऑगस्ट संपता संपता भरतो, त्याआधी बघितलं तर अर्धाच दिसतो आणि लोक म्हणतात आमच्याकडे काहीच नाही. असतं हो. शिवाय तुमच्या मेरीची साईट आणि ते जे फुकट मासिक पत्रपेटीत येतं ना जे आपण सरळ कचऱ्यात टाकतो, ते सप्टेंबरचं टाकू नका, छोट्या गावातल्या गोष्टी बऱ्याचदा फक्त त्यातच असतात.

प्रत्येक नोंद शेवटपर्यंत वाचा. आंत्रे लिब्र लिहिलं असेल तर सरळ जायचं. सुर आंस्क्रिप्स्याँ असेल तर आधी नाव नोंदवायचं, त्याशिवाय दारावरून परत. काँप्ले दिसलं की जागा संपल्या, पण एक करा, दोन दिवस आधी पुन्हा बघा, लोक कॅन्सल करतात. आणि तारीख नीट बघा कारण काही ठिकाणं फक्त शनिवारी उघडतात, काही फक्त रविवारी दुपारी दोन ते सहा, शुक्रवारचे कार्यक्रम बहुतेक शाळेच्या मुलांसाठी असतात.

बुकिंग

एलिझेला पूर्वी तासन्‌तास लाईन असायची, गेल्या काही वर्षांत आधी ऑनलाईन नाव नोंदवावं लागतं आणि जागा बघता बघता जातात. मिळालं तर जा, मी नको म्हणणार नाही, बाग आणि सोनेरी खोल्या छानच आहेत. पण त्यासाठी अख्खा वीकेंड अडकवू नका. मेट्रोवाले आपल्या वर्कशॉप वगैरे दाखवतात त्याचंही तसंच, सीट कमी आणि मेट्रोवेडे फार. अशा गोष्टींचं बुकिंग कधी उघडतं ते आधीच बघून फोनमध्ये अलार्म लावा आणि सगळ्यांची नावं पासपोर्टवर आहेत तश्शीच टाका, आपली आडनावं-मधली नावं टाकताना गोंधळ होतो, एका फॉर्ममध्ये वडलांचं नाव येतं दुसऱ्यात येत नाही, आणि दारावरचा माणूस यादीशी अक्षर न अक्षर जुळवत बसतो.

काय बघायचं हे ठरवताना

इथे माझं मत जरा ठाम आहे. पँथिऑन, सेंट-शापेल सारखी ठिकाणं त्या वीकेंडला फुकट असतात म्हणून लोक तिकडे पळतात, पण ती वर्षभर तिकीट काढून बघता येतात, त्या दोन दिवसांत तिथे उभं राहून तासभर घालवण्यात काय अर्थ आहे? हा वीकेंड एरवी बंद असणाऱ्या दारांसाठी ठेवा.

पॅरिसमध्ये पहिल्यांदा करत असाल तर सेनेट घ्या, म्हणजे इथली राज्यसभा, लक्झंबर्ग बागेतला तो राजवाडा, राणी मारी द मेदिसीसाठी 1615 पासून बांधायला घेतलेला, आत जिथे खासदार बसतात तो अर्धगोल हॉल आणि लायब्ररीत वर चित्रकार देलाक्रुआने रंगवलेलं छत. त्याचं दुसरं छत असेंब्ली नॅशनालच्या, म्हणजे इथल्या लोकसभेच्या, लायब्ररीत आहे, पण एका दिवसात दोन्ही करायला जाऊ नका, लाईन आणि सिक्युरिटी दोन्हीकडे आहे, दुसऱ्या छताखाली उभं राहीपर्यंत मान वर करायचीही ताकद उरत नाही. सोरबोन युनिव्हर्सिटीचं मोठं अँफीथिएटर आणि चॅपेलमधली रिशलिअची (जुन्या काळचा कार्डिनल आणि राजाचा मंत्री) कबर बघण्यासारखी, तिथे लाईन असते पण हलते. बँक द फ्रान्समध्ये, म्हणजे इथल्या रिझर्व्ह बँकेत, एक सोन्याने मढवलेली गॅलरी आहे, बँकेत असं काही असेल असं बाहेरून वाटतच नाही. ऑतेल द व्हिल, म्हणजे पॅरिसची मुख्य मेरी, लहान मुलं बरोबर असतील तर सोपी पडते, झुंबरं आणि मोठे जिने बघून मुलं खूश.

आणि आपल्या लोकांसाठी एक खास, सिते युनिव्हर्सितेर. 1925 ला विद्यार्थ्यांसाठी वसवलेला हा परिसर, प्रत्येक देशाचं एकेक घर, आपलं मेझाँ द लँद म्हणजे भारताचं घर 1968 पासून तिथे आहे. पॅरिसला शिकायला आलेली किती मराठी पोरं तिथे राहून गेलीत. पात्रिम्वानच्या वीकेंडला या परिसरात गाईडेड फेऱ्या असतात, कुठलं घर कोणत्या आर्किटेक्टने बांधलं वगैरे, स्विस आणि ब्राझीलच्या घरांमागे ल कोर्ब्युझिए आहे, तोच आपला चंदीगडवाला. मागे मोठी बाग आहे, डबा तिथे खा.

आता मेरीची गोष्ट. मी राहते त्या उपनगरात मेरीच्या लग्नाच्या हॉलमध्ये एक आजोबा, गावाच्या इतिहास मंडळातले, हातात जुन्या फोटोंची फाईल घेऊन उभे होते आणि समोर आम्ही पाच-सहा जण. त्यांनी विचारलं कुठे राहता, मी रस्ता सांगितला तर फाईलमधून माझ्याच रस्त्याचा जुना फोटो काढला, तिथे तेव्हा भाजीचे मळे होते. मग अर्धा तास तेच, मळे कोणाचे, पाणी कुठून यायचं, रेल्वे आल्यावर काय झालं. माझं फ्रेंच तेव्हा फार काही ग्रेट नव्हतं पण ते हळू बोलत होते आणि फोटो समोर होता त्यामुळे सगळं कळलं. नंतर बाजारात दिसले की थांबून बोलतात. एलिझेमध्ये हे होत नाही, तिथे मागचा माणूस ढकलतो आणि पुढचा गार्ड पुढे चला म्हणतो.

त्यामुळे शनिवार सकाळ एक मोठं ठिकाण, रविवार तुमचं गाव. दोन दिवसांत तीन-चार ठिकाणं पुरे. महिन्याचा नाविगो (मेट्रो-ट्रेनचा पास) असेल तर सगळे झोन चालतात, मग फाँतेनब्लो, प्रोव्हँ, सेंट-जर्मेन-आँ-ले असं कुठेही त्याच पासवर जाता येतं आणि गर्दी पॅरिसच्या मानाने काहीच नाही. पॅरिसच्या बाहेर शातोंमध्ये, म्हणजे जुन्या वाड्यांमध्ये, तर कधीकधी मालकच फिरवून दाखवतात, छत गळतंय, दुरुस्तीला किती खर्च आला, सगळं रडगाणं ऐकवतात, मजा येते.

त्या दिवशी

ओरिजिनल ओळखपत्र घ्या, पासपोर्ट किंवा तित्र द सेजूर (इथे राहण्याच्या परवान्याचं कार्ड), सरकारी इमारतींना फोनमधला फोटो चालेल याची खात्री नाही. बॅग छोटी, मोठी सुटकेस आणि ट्रॉटिनेट (पायाने ढकलायची स्कूटर) घेऊन गेलात तर आत घेत नाहीत आणि ठेवायला जागाही देत नाहीत. काचेची बाटली नको. चाकू-कात्री तर नकोच, फळं कापायला म्हणून आपण टाकतो आणि विसरतो. चप्पल-सँडल नको, लाईनीत उभं राहणं आणि दगडी जिने. पाऊस सप्टेंबरमध्ये कधीही येतो. बाबागाडी न्यायची असेल तर आधी चौकशी करा, जुन्या इमारतींत लिफ्ट नसते. टॉयलेट जिथे दिसेल तिथे जाऊन घ्या, पुढचं कुठे मिळेल सांगता येत नाही!

खाण्याचं बघा, व्हेजवाल्यांनी तर नक्कीच, पोळीचा रोल किंवा पराठे सोबत ठेवा.

आणि एक, कोणालाही काहीही विचारायच्या आधी बाँझूर म्हणा. थेट प्रश्न विचारला तर समोरचा कोरडा होतो, आपल्याला वाटतं बघा फ्रेंच लोक कसे खडूस, पण त्यांच्या लेखी आपणच नमस्कार न करता घरात शिरलेलो असतो. बाँझूर म्हटलं, मग मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये विचारलं तरी हे व्हॉलंटियर लोक, त्यात बरेच रिटायर्ड, वाटेल तितका वेळ देतात. मुलांसाठी प्रश्न-कोड्यांची छोटी पुस्तिका असते, दारावर मागा, सगळीकडे आपणहून देत नाहीत.

रात्रीचे कार्यक्रम

फेत द ला म्युझिकला प्लॅन करायचा नाही हाच प्लॅन. मोठ्या स्टेजसमोर जाऊन चेंगरण्यापेक्षा संध्याकाळी सातच्या आसपास घराजवळून चालायला लागा, गल्लीत कोणी जॅझ वाजवतंय, चर्चमध्ये कॉयर, बारसमोर शाळेतली पोरं गिटार घेऊन, आवडलं तर थांबा नाही तर पुढे. अंधारही दहानंतरच पडतो त्यामुळे मुलांना नेता येतं. अकरानंतर मात्र मध्यवर्ती भागात दारू आणि गर्दी दोन्ही वाढते, फोन मागच्या खिशात नको, मेट्रोच्या दाराजवळ हातात धरून उभं राहणं नको. परतीची गाडी आधी बघून ठेवा, पॅरिसला त्या रात्री काही लाईन्स उशिरापर्यंत चालवतात पण त्यातली तुमची असेलच असं नाही.

14 जुलैला सकाळी शाँझ-एलिझेवर परेड आणि रात्री आयफेल टॉवरला आतषबाजी हे सगळ्यांना माहीत असतं. कमी लोकांना माहीत असतं ते बाल दे पाँपिए, 13 आणि 14 च्या रात्री फायर स्टेशनं उघडतात आणि अंगणात नाचगाणं, कुठे प्रवेश ठरावीक पैशांत, कुठे डब्यात जमेल तेवढं टाका. माझ्या मते हा या देशातला सगळ्यात मोकळा कार्यक्रम आहे, आजी-आजोबांपासून सगळे नाचतात, फक्त लवकर जा, रात्री दहानंतरची लाईन बघून परत यावंसं वाटतं. आतषबाजी बघायला टॉवरच्या पायथ्याशीच जायला हवं असं नाही, उंचावरून, बेलव्हिलच्या बाजूने वगैरे, दिसते आणि घरी लवकर पोचता येतं.

लियाँचं फेत दे ल्युमिएर 8 डिसेंबरच्या आसपास चार दिवस. 1852 मध्ये फुर्व्हिएरच्या टेकडीवर मेरीमातेचा पुतळा बसवायचा होता, पुरामुळे सप्टेंबरचा कार्यक्रम डिसेंबरला गेला आणि त्या दिवशीही हवा बिघडलेली, तेव्हा लोकांनी आपणहून खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या. अजूनही 8 तारखेला जुने लियाँकर खिडकीत काचेच्या ग्लासात दिवे लावतात, अगदी आपण गॅलरीत पणत्या ओळीने मांडतो तसे, आणि मला विचाराल तर इमारतींवरच्या त्या भव्य लाईट शोपेक्षा हेच बघायला जा. शो बघायचे असतील तर शनिवार टाळा, बाकीच्या दिवसांतला एखादा घ्या. मधल्या भागात चालायचे रस्ते वन-वे करतात, काही मेट्रो स्टेशनं बंद ठेवतात, त्यामुळे कोणाला भेटायचं असेल तर गर्दीच्या बाहेरची जागा ठरवा. राहायचं बुकिंग उन्हाळ्यातच करा. थंडी हाडात शिरते, थर्मल घाला, आणि व्हँ शो म्हणजे गरम मसाल्याची वाईन जागोजागी मिळते, न पिणाऱ्यांना गरम सफरचंदाचा ज्यूस.

लीलची ब्रादरी सप्टेंबरच्या पहिल्या वीकेंडला, शहरभर जुन्या वस्तूंचा बाजार, लोक शिंपल्या आणि फ्राईज खातात आणि रेस्टॉरंटवाले रिकाम्या शिंपल्यांचे ढीग बाहेर रचतात. शाकाहारी माणसाला फ्राईजवरच भागवावं लागतं हे आधीच सांगते.

आणि गणपती

हे पर्यटकांच्या यादीत खाली असतं पण आपल्या यादीत वर पाहिजे. पॅरिसच्या 18 व्या विभागात रु पाजोलवर माणिक विनायकर मंदिर आहे, 1985 पासूनचं, मुख्यतः श्रीलंकेतल्या तमिळ लोकांनी उभं केलेलं. ऑगस्ट अखेर किंवा सप्टेंबर सुरुवातीच्या एका रविवारी ते गणपतीची रथयात्रा काढतात, ला शापेल भागातून, हजारो लोक येतात, त्यात फ्रेंच शेजारीपण. ढोल-ताशा नाही, नादस्वरम आणि तविल, म्हणजे दक्षिणेतली सनई आणि ढोल. विसर्जनही नाही, रथ फिरून पुन्हा देवळात येतो. पण माणसं दोर धरून रथ ओढतात आणि रस्त्यावर नारळांचे ढीग फुटतात तेव्हा अंगावर काटा येतो की नाही बघा. नवीन आलेल्याने सकाळी दहाच्या आधी ला शापेल मेट्रोला उतरावं, अनवाणी चालायचा उत्साह असेल तर फुटलेल्या करवंट्या बघून चाला, प्रसाद आणि सरबत वाटतात ते घ्या, आणि परत येताना फोबुर्ग सेंट-देनीच्या दुकानांतून कढीपत्ता, कच्ची केळी, ओलं खोबरं भरून आणा. तारीख मंदिराच्या साईटवर बघायची, आपल्या चतुर्थीच्या दिवशीच असेल असं धरून चालू नका.

पैसे वाचवायचे आणखी मार्ग

विद्यार्थी असाल आणि वय 26 च्या आत असेल तर तित्र द सेजूर किंवा विद्यार्थी व्हिसा दाखवून राष्ट्रीय म्युझियमांचे कायमचे संग्रह वर्षभर फुकट बघता येतात, हे मला किती पोरं वर्ष संपल्यावर विचारतात. बाकीच्यांसाठी ओर्से आणि ओरांझरी ही म्युझियमं महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट, पण ऑनलाईन वेळ घ्यावीच लागते. लूव्र महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर, जुलै-ऑगस्ट सोडून, आणि 14 जुलैला. पॅरिस शहराची स्वतःची म्युझियमं, कार्नाव्हाले, पेती पॅले वगैरे, त्यांचे कायमचे संग्रह तर रोजच फुकट. कार्नाव्हालेमध्ये जुन्या दुकानांच्या पाट्या आहेत, भाषा न येणाऱ्या पाहुण्याला तिथे न्या.

फेत द ला सियाँसबद्दल आपल्या इंजिनियर मंडळींना मी नेहमी सांगते. 1991 मध्ये संशोधन मंत्री उबेर क्युरियाँ यांनी मंत्रालयाची बाग लोकांसाठी उघडली, त्यातून पुढच्या वर्षीपासून हा विज्ञान महोत्सव आला. युनिव्हर्सिट्या आणि लॅब उघडतात, पीएचडीचे विद्यार्थी स्वतः प्रयोग दाखवतात. नोकरी शोधत असाल किंवा पीएचडी करायची असेल तर तिथे पाच मिनिटं बोलून जे कळतं ते ईमेल पाठवून कळत नाही, लॅबच्या माणसाला त्या दिवशी बोलायचंच असतं.

आई-बाबा येणार असतील तर

बहुतेकांचे मे-जूनमध्ये येतात, तेव्हा रात्रीची म्युझियमं, बागांचा वीकेंड आणि 21 जून असं तिन्ही बसवता येतं. त्यांना रात्रीच्या म्युझियमला एकच न्या, सातला आत, नऊला बाहेर, बाकी गर्दी तरुणांना होऊ दे. बागांचा वीकेंड मात्र त्यांच्यासाठीच केल्यासारखा आहे, बसायला बाक असतात, माळी स्वतः बोलतात आणि रोपांची बोलणी करायला भाषा लागत नाही, माझ्या सासूबाईंनी एका माळ्याकडून टोमॅटोचं बी मागून घेतलं होतं. सप्टेंबरमध्ये येत असतील तर पात्रिम्वानसाठी त्यांचं बुकिंग त्यांच्या नावांनी वेगळं करावं लागतं, पासपोर्ट नंबर मागितला तर तिकडून व्हॉट्सअॅपवर फोटो आधीच मागवून ठेवा, कारण बुकिंग उघडतं तेव्हा भारतात ते जेवायला बसलेले असतात आणि फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला.